मुठीतला माउथपीस

ऐन लग्नसराईत कृष्णाजींचा ओठ सुजला. ट्रंपेटच्या माउथपीसचा काठ टोचतो म्हणून बोम्मसंद्र्याला ते कामाला होते त्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी तो स्वतःच लेथवर घासून उतरवला होता. त्याला सव्वीस वर्षं झाली. काठ बोथट झाला, पण त्यात चांदीचा मुलामा गेला आणि आता उघडं पितळ ओठाला सोसेना.

"धातू सोडा, नाहीतर वाजवणं सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लग्नाच्या बँडचा ढोलवाला रत्नाकर त्याहून हळू बोलला. "अण्णा, रविवारी जमलं तर बघा. नाहीतर होसूरचा एक ट्रंपेटवाला तयार आहे."

जयनगरच्या दुकानातून त्यांनी काळा, प्लास्टिकचा माउथपीस आणला. हातात घेतला तर वजनच नाही. बायकोला, महानंदाबाईंना, पाठ करून बसवलं आणि एकच धून दोन्हींवर वाजवली.

"कुठला कुठला?"

"मला नाही कळत. शेजारच्या अक्कांनी दोन्ही वेळा खिडकी लावली."

तेवढ्यावर त्यांनी प्लास्टिक निवडलं.

रविवारी सकाळी सात वाजता मंगल कार्यालयाच्या दारात गारठा होता. नवऱ्याची गाडी वळली. कृष्णाजींनी ट्रंपेट उचलला आणि सूर लावला. ओठ दुखला नाही, सूर स्वच्छ लागला. पण ते एकटेच वाजवत होते. ढोल मागून धावत आला, क्लॅरिनेट त्याच्याही मागून. वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं.

गाडी थांबल्यावर रत्नाकर जवळ आला. "अण्णा, सांगायचं तरी."

"रोज सांगतो का मी?"

"रोज तुम्ही तो माउथपीस मुठीत धरता. मूठ उघडली की आम्ही वाद्यं उचलतो. आज मूठच नव्हती."

कृष्णाजींनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. गार पितळाला ओठाला लावण्याआधी थोडी ऊब द्यायची, एवढंच ते करत आले होते. सगळे त्या मुठीकडे बघत असतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. प्लास्टिक गार लागत नाही, म्हणून आज मूठ वळली नव्हती.

आतून निरोप आला, नवरी निघाली.

त्यांनी काळा माउथपीस काढला, मुठीत घेतला आणि खाली मान घालून उभे राहिले. त्याला उबेची काही गरज नव्हती. रत्नाकरने काठ्या हातात घेतल्या. क्लॅरिनेटवाल्याने ओठ ओले केले.

कृष्णाजींनी सावकाश मूठ उघडली.