फ्यूज उडते कावून?

अकोल्यात मायक्रोवेव्ह दुरुस्त करायला लागून मला नऊ वर्षं झाली. लोक आपापलं मशीन घेऊन जातात, किस्से मात्र दुकानातच सोडून जातात! त्यातले निम्मे तरी एकाच तक्रारीचे: "फ्यूज उडून राहिला."

एकदा काउंटरवर मी आणि आमचे प्रभाकरभाऊ. भाऊ वयानं मोठे, मिशा भरघोस, पण काम त्यांचं फ्रिजचं. गिऱ्हाईक सरळ त्यांच्याकडेच वळलं. भाऊंनी माझ्याकडे बोट केलं, "थे मॅडम पायतीन."

गिऱ्हाईक हळूच म्हणालं, "अन् त्याईच्यानं नाही झालं त?"

"त माह्याकडे आना. मी त्याईलेच इचारून सांगतो!"

हिवरखेडच्या एका सरांनी तर कंटाळून फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. (असलं काही करू नका हं!) मी विचारलं, "मग सर, आता उडतो का फ्यूज?"

"छ्या! फ्यूज टनाटन हाय. फक्त घराची लाइट जाते!"

एका काकूंचं मशीन उघडलं, तर सर्किटवर पाल. तिच्यामुळेच शॉर्ट झालेलं. फोन करून सांगितलं. काकूंनी तिकडून विचारलं,

"बाई, पाल वॉरंटीत येते काय?"

पण बाळापूरच्या आजी-आजोबांनी मात्र माझा घाम काढला. दोघंच राहायचे. त्यांचं मशीन दोनदा दुकानात आलं. दिवसभर चालवून पाहिलं, काही नाही. घरी गेलं की दोन दिवसांत फ्यूज उडालाच! आजी फोनवर कडाडल्या, "तुले खरंच येते काय वं?"

आता इज्जतीचा प्रश्न! तिसऱ्यांदा मी स्वतःच बाळापूरला गेले. दुपारची वेळ, आजी आत झोपलेल्या. नवा फ्यूज टाकला आणि आजोबांना म्हटलं, "रोज वापरता तसंच वापरून दाखवा."

त्यांनी गार चहाचा कप आत ठेवला. तीस सेकंद लावले. हात दाराच्या हँडलवर. शेवटचा एक सेकंद राहिला आणि त्यांनी दार खसकन ओढलं. फट्! गेला फ्यूज. चालू मशीनचं दार ओढलं की दाराचा स्विच आत अडकून शॉर्ट होत होतं.

"आजोबा, संपू द्या ना! मधेच कावून ओढता?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "संपलं का थे टूं टूं करते. बुढी उठते. तिनं मले दोनच चहा ठरवून देल्ले. हा तिसरा हाय."

मी स्विच बदलला. आजोबा कोमट कप धरून तसेच उभे, माझ्याकडे बघत. मी स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला.

आठ दिवसांनी आजींचा फोन. एकदम खूश! फ्यूज एकदाही उडाला नव्हता.

"पन बाई, थे आता टूं टूं नाही करत. कावून?"

"आजी, दुखणं गेलं ना त्याचं! आता कशाला ओरडेल?"