कंबरेचं माप

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल, तर "कोण बोलतंय?" पलीकडून लातूरचा त्यांचा पुतण्या बोलत होता, बोलता बोलता रडत होता. आणि मी नांदेडला माझ्या घरात उभा राहून त्याला विचारत होतो, तुझं नाव काय, अप्पांच्या दुकानासमोर कुणाचं दुकान आहे ते सांग बरं... फोन ठेवला आणि खात्री करायला दुसऱ्या एकाला लावला. बायको म्हणाली, "अहो, मेल्याचं कोण खोटं सांगेल?" मी म्हटलं, सांगतात. सगळी नोकरी चौकशीच्या टेबलावर गेली माझी. जिवंत माणसांचे मेल्याचे दाखले मी पाहिलेत आणि मेलेल्यांचे जिवंत असल्याचेही. पण अप्पा खरंच गेले होते. मी पोचलो तेव्हा त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ. दुकानात बसायचे तसेच ताठ. मला वाटलं, आता म्हणतील, "या कारकूनसाहेब, आज काय चौकशी?" नाही म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

मन्मथअप्पा मूळचे उदगीरचे. घरची पेढी सोडून तरुणपणी पळून गेले ते थेट मुंबईच्या गोदीत, आणि तिथून मालवाहू जहाजावर. वडील वारल्यावर परतले आणि लातूरला गंजगोलाईच्या एका गल्लीत दोरखंड-ताडपत्रीचं दुकान टाकलं. कासरे, दावी, विहिरीचे नाडे, सगळं हातानं मोजून द्यायचे. दोर तुटला तर गाठ मारून देत नसत. पीळ उकलायचे, पिळात पीळ घालायचे आणि असा सांधा करायचे की बोट फिरवल्याशिवाय कळायचा नाही. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झालेला होता. कचेरीत फायलींपेक्षा रिकामी कपाटं जास्त. मी अर्धापूरचा, केळीच्या आणि पाटाच्या पाण्याच्या गावचा, नांदेडहून बदली होऊन आलेला. त्यात दुष्काळ पडला. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगेना, टँकर आला की गल्लीत मारामारी. मी खोलीवर एकटा राहत होतो आणि एका बादलीत दोन दिवस काढायला शिकलो होतो.

आणि अशा गावात, अशा दिवसांत, अप्पांनी दुकानाबाहेर पाटी लावली. खडूनं, ठसठशीत अक्षरात. "शिडाच्या होडीतून समुद्रात लांब जाण्यासाठी दोन माणसे पाहिजेत. पगार नाही. पोहता आलेच पाहिजे असे नाही. पाणी जपून वापरणारा पाहिजे." लातूरला! जिथून समुद्र कुठल्या दिशेला हेही दहातल्या आठांना सांगता आलं नसतं. गाव आधी हसलं. मग गावाला संशय आला. पगार नाही म्हणजे काहीतरी दुसरं असणार. कुणी म्हणे सोनं आणायला नेतो, कुणी म्हणे आखातात नेऊन विकतो. आठवडाभरात माझ्या टेबलावर निनावी अर्ज. कुणी लिहिला ते कळलं नाही. माझा एकावर संशय आहे, पण ते जाऊ द्या.

आमच्या खात्याची एक रीत होती. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याला सोडून सगळ्यांना विचारायचं. त्याला विचारलं की तो सावध होतो. म्हणून मी अप्पांकडे चौकशीला गेलो नाही, मी जायला तयार आहे म्हणून गेलो. अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठले तुम्ही?" अर्धापूरचा म्हटल्यावर म्हणाले, "केळीवाले! अवघड हाय. तुमच्यात तोंड धुवायला तांब्याभर लागतो." मग त्यांनी एक झाकणाची कळशी भरून दिली. दोन दिवस प्यायला, धुवायला, सगळ्याला एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी आणून दाखवायची. पहिल्या रात्री मी ते पाणी प्यालोच नाही. म्हटलं, यात काही घातलं असेल तर? नंतर स्वतःचंच हसू आलं. तिसऱ्या दिवशी कळशी नेली तेव्हा तळाला तांब्याभर पाणी उरलेलं होतं. अप्पांनी कळशी हलवून पाहिली आणि एवढे खूश झाले की आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला ओरडले, "गंगे, चहा टाक! गडी मिळाला!"

त्या चहावर त्यांनी सगळं सांगितलं. वेंगुर्ल्याकडे त्यांचा जुना जोडीदार होता, दोघं एकाच जहाजावर होते. अप्पा त्याला नुसतं "होडीवाला" म्हणायचे. त्यानं स्वतःची शिडाची होडी बांधली होती. आयुष्यात एकदा स्वतःच्या शिडावर लक्षद्वीप गाठायचं असं दोघांनी तरुणपणी ठरवलं होतं, आणि आता होडीवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूपेक्षा वाईट काहीतरी शिरलं होतं. पुढच्या वर्षी त्याला दिसणार नव्हतं. सात-आठ दिवस, रात्रंदिवस, दोघं सुकाणूवर आणि दोघं झोपलेले, म्हणजे चौघं हवेतच. तिघांवर होडी काढायची नाही ही होडीवाल्याची अट. "पण मग कोकणातली माणसं का नाही घेत?" मी विचारलं. "फुकट कोण येतंय? अन् त्यांना पाणी लई लागतं साहेब. दर्यात गोडं पाणी मोजून न्यायचं असतं. थेंबाला जपणारं माणूस पायजे, ते आपल्याकडंच हाय." एक माणूस त्यांना आधीच मिळाला होता, ताडपत्र्या शिवणारे इस्माईलभाई. इस्माईलभाईंना मी बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही कसे तयार झालात? ते म्हणाले, "साब, सगळी उमर ताडपत्री शिवली. वाऱ्यानं फुगलेली एकदा बघायची हाय, बस."

मग अप्पांनी सुतळी घेतली आणि माझ्या कंबरेचं माप घेतलं. मी दचकलोच. कंबरेचं माप कशाला? म्हणाले, रात्री लाट आली तर माणूस होडीला बांधलेला पाहिजे, प्रत्येकाचा दोर त्याच्या मापाचा. हसून सांगितलं त्यांनी, पण माझ्या डोक्यात नको ते आलंच. बांधून नेणार होय! तरी खरं सांगतो, मला जायचं होतं. संध्याकाळी दुकानात बसून मी वारा कुठून येतो ते विचारायला लागलो होतो, शीड कसं उतरवायचं ते चादरीवर शिकत होतो. निनावी अर्ज मी फाईलच्या तळाशी घातला होता. येळवस, म्हणजे शेतात जेवायची ती वेळ अमावस्या, झाली की निघायचं ठरलं. शेतातली भज्जी-आंबिल खायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कोल्हापूर. माझा फोटो अप्पांनी बंदरावरच्या कचेरीला पाठवलासुद्धा. चार नावं, चार फोटो, त्यात आता बदल नाही.

आणि येळवशीच्या आधी चार दिवस मी उदगीरला गेलो. काही गरज नव्हती. सवय, दुसरं काय! बाजारात एका हॉटेलात बसलो, शेजारच्या म्हाताऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, मन्मथअप्पांना ओळखता का. म्हातारा म्हणाला, "मन्मथ? त्यानं आमच्या गल्लीतल्या गुंडप्पाला नेलं की दर्यावर. गेले दोघं, आला येकलाच."

"मग गुंडप्पाचं काय झालं?"

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. "त्याच्या घरी त्याचं नाव काढू नका," म्हणाला आणि उठूनच गेला.

एवढं साधं होतं: लातूरला परत यायचं, दुकानात जायचं आणि विचारायचं, अप्पा, गुंडप्पा कुठं आहे? मी विचारलं नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याला विचारायचं नसतं ना! मी खोलीला कुलूप लावलं, चिठ्ठी लिहून शेजाऱ्याकडे ठेवली की आई आजारी आहे, आणि येळवशीच्या आदल्या दिवशी अर्धापूरला निघून गेलो. अप्पा आणि इस्माईलभाई स्टँडवर गाडी सुटेपर्यंत थांबले होते म्हणे. मग सामान उचलून घरी.

तीन दिवसांनी मी मळ्यातून घरी आलो तर आई म्हणाली, "लातूरचे कोणी अप्पा आले होते. बिचारे मला बघायला आले होते. मला काय धाड भरलीय, धडधाकट तर आहे! ते म्हणाले, इकडनंच चाललो होतो, डोकावलो." पिशवीभर मोसंबी ठेवून गेले होते. पाणी विचारलं तर घोटभर घेऊन उरलेलं तुळशीला घातलं, हे आईला फार आवडलं होतं. मी त्या मोसंब्यांकडे बघत बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसलाच प्रकार, मला वाटलं, हा माणूस माझी चौकशी करायला आला होता! ते नुसते आजारी बाईला भेटायला आले होते, हे माझ्या डोक्यात शिरायला उन्हाळा उजाडला.

उन्हाळ्यात एके दिवशी अप्पांनी निरोप पाठवला, चहाला या. गेलो. दुकानात एक उंच, उन्हानं करपलेला माणूस इस्माईलभाईंचा हात धरून बसला होता, नजर भलतीकडेच. अप्पा म्हणाले, "साहेब, हा आमचा होडीवाला. उदगीरचाच हाय, गुंडप्पा. तिकडं कोळ्याची पोरगी केली, म्हणून घरच्यांनी नाव टाकलं याचं." गुंडप्पा माझ्या आवाजाच्या दिशेनं हसले. "तुमची आई बरी हाय ना आता?" त्यांनी विचारलं. मी कप खाली ठेवला. होडी विकली होती त्यांनी. डोळे गेल्यावर ठेवून काय करायचं, म्हणाले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दर वेळी वाटायचं, आज बोलायचं, आज माफी मागायची... आणि चहा संपायचा. माझी नांदेडला परत बदली झाली, मी निवृत्त झालो, तरी दर दिवाळीला लातूरला जायचोच. अप्पा उठून उभे राहायचे आणि मला कंबरेभोवती दोन्ही हात घालून घट्ट मिठी मारायचे. आमच्यात अशी मिठी मारत नाहीत. मी आपला, लाज वाटते सांगायला, हळूच मागचा खिसा चाचपून बघायचो.

परवा मी पुन्हा गेलो होतो. दुकान पुतण्या चालवणार आहे. गंगाक्कांनी मला आत बोलावलं आणि खुंटीवरून एक दोर काढून माझ्या हातात दिला. जाड, मळकट पांढरा, टोकाला कडी, कडीला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर खिळ्यानं कोरलेलं माझं नाव. म्हणाल्या, "इस्माईलभाईचा त्यांनी नेला. ह्यो तुमचा, नारायणभाऊ. दुकानातला समदा माल इकला जायचा, पण ह्याला हात लावू देत नव्हते."

मी दोर हातावर घेतला. संशयानं म्हणा, सवयीनं म्हणा, त्यावरून बोट फिरवलं. एका जागी सांधा लागला. पुढे दुसरा. तिसरा अगदी नवा होता, त्याचे पीळ अजून पांढरेशुभ्र होते.

"दर दिवाळीला तुम्ही गेलात की घ्यायचे काढून," गंगाक्का म्हणाल्या. "कवा तसाच ठिवायचे, कवा इतभर वाढवायचे. म्हनायचे, साहेबाचं पोट सुटलं, गंगे. मी म्हनायची, आता हो कुठं जायचंय? तर म्हनायचे, यील की इचारायला एखाद दिवशी. आपला दोर तयार पायजे."

मी तिथंच, दोन्ही हात वर करून, तो कंबरेभोवती घेतला आणि कडी लावली. बरोबर बसला.