तीन ओळींचा डबा

स्टुडिओतल्या सर्वांची ती मावशी होती. सख्खी कुणाचीच नव्हे. कागदी पिशव्यांच्या कारखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता, आणि त्याच्या किल्ल्या एकोणीस वर्षे तिच्या कमरेला होत्या. झाडणे, पुसणे, चहा करणे आणि दर शनिवारी सकाळी जुनी रिळे कोरी करणे, ही तिची कामे. शेवटच्या कामाचा तिला विशेष अभिमान होता. लोखंडी पेटीसारखे एक चुंबकाचे यंत्र होते, त्याला सगळे पुसणी म्हणत. तिच्यावर रीळ ठेवावे, बटण दाबावे, यंत्र गुणगुणू लागले की रीळ सावकाश फिरवावे आणि अलगद उचलावे. अर्ध्या मिनिटात आतले गाणे नाहीसे होई. मग डब्यावरच्या जुन्या मजकुरावर ती खळीने पांढरा कागद चिकटवी, आणि तो डबा नव्यासारखा होई.

तिला वाचता येत नव्हते. हे त्या इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हते. कुणी कागद पुढे केला की ती म्हणे, "चष्मा घरी राहिला बघा." चष्मा तिच्याकडे नव्हताच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचे धोरण. आणि कामात कधी अडले नाही, कारण रिळांची व्यवस्था सोपी होती. वरच्या फळीवरचे जपायचे, खालच्या फळीवरचे पुसायचे. फळी ओळखायला अक्षरे लागत नाहीत.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला सर्वजण कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडे टाचणी पडली तरी तो मान वळवी. स्वभाव शांत, अक्षर वळणदार, आणि प्रत्येक डब्यावर तारीख, गाणे, वाजवणारे, सारे एका ओळीत नीट लिहायची शिस्त.

त्या वर्षी चौघांचा एक बँड आला. गायिका, गिटारवाला, ढोलवाला आणि कीबोर्डवाला. पॉप म्हणा, रॉक म्हणा, मावशीच्या लेखी तो दणदणाट होता. त्यांना दहा गाण्यांचा अल्बम करायचा होता. भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले पाहून ढोलवाल्याने पहिल्याच दिवशी विचारले, "मावशी, एवढी अंडी खाल्ली कुणी?"

"खाणारे गेले, टरफलं उरली. तुम्ही वाजवा, तीही फुटतील!" ती म्हणाली.

चौघे पोट धरून हसले. अल्बमचे नाव त्याच संध्याकाळी ठरले, 'भिंतीला कान'.

चाळीस दिवस काम चालले. एकच ओळ सतरा वेळा गाऊन घ्यायची आणि शेवटी दुसऱ्या वेळची ठेवायची, असला तो व्यवहार. गिटारवाला रुसे, कीबोर्डवाला समजूत काढी, ढोलवाला बिस्किटे संपवी. हळूहळू मावशीचा कान त्या दणदणाटाला सरावला, आणि लादी पुसताना तिचा हात ठेक्यावर फिरू लागला.

सहावे गाणे संथ होते. गायिकेला ते खोलीत पटेना. ती म्हणाली, "इथे आवाज गादीवर निजल्यासारखा वाटतो. मी जिन्यात गाते." कानसेनने तारा दारातून बाहेर ओढल्या आणि जिन्याच्या वळणावर माईक उभा केला. खाली कारखान्याचे लोक वर चढू नयेत म्हणून मावशीला पहिल्या पायरीवर बसवले. गायिकेच्या घशात गाठ निघाली होती, आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरलेली होती. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले होते. "एकदाच गाईन, जमलं तर जमलं," ती म्हणाली. आणि एकदाच गायली. आवाज पायऱ्या उतरून मावशीपर्यंत येई आणि पुन्हा वर जाई. पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आलेला हमाल तिच्या एका बोटाच्या खुणेवर जागच्या जागी थांबला, आणि गाणे संपेपर्यंत त्याने डोक्यावरचे ओझे उतरवले नाही.

तो गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी छतातली नळी गळू लागली आणि वरची फळी भिजली. मावशी तेव्हा घरी गेली होती. कानसेनने वरचे सारे डबे कपाटात भरले. कपाट गच्च झाले आणि एक डबा उरला. तो त्याने खालच्या फळीच्या टोकाला ठेवला. त्याची नक्कल सोमवारी काढायची होती.

शनिवारी सकाळी मावशी एकटीच होती. वरची फळी रिकामी दिसली. डबे कपाटात गेले, हे तिने ओळखले. खालच्या फळीवर सात डबे होते. ती एकेक घेऊन पुसणीवर ठेवत गेली. सातव्याशी तिचा हात थांबला. नेहमी डब्यावर एक ओळ असे. या डब्यावर तीन होत्या.

तिच्या मनात पाल चुकचुकली. खाली कारखान्याचा मुकादम होता, त्याला विचारता आले असते. पण "एवढं वाच रे बाबा" म्हणायचे म्हणजे एकोणीस वर्षांची मूठ उघडायची. ती स्वतःशी म्हणाली, "खालची फळी ती खालची फळी." तिने बटण दाबले, आणि नंतर डब्यावर पांढरा कागद चिकटवला.

सोमवारी कानसेन खालच्या फळीवरचे कोरे डबे एकामागून एक उघडत होता. प्रत्येक रिळातून नुसती सूं सूं ऐकू येत होती. चौघे भिंतीला टेकून उभे होते.

"मावशी," तो म्हणाला, "टोकाच्या डब्यावर मी लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाही का?"

"लिहिलं होतंस, की लिहायचं मनात होतं?" ढोलवाला ओरडला. "आठव नीट!"

सर्वांचे डोळे मावशीकडे वळले. तिची पाचावर धारण बसली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"डबा कोरा होता, साहेब."

कानसेनने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरे झाले असते, असे तिला पुढे हजारदा वाटले. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मावशी खोटं कशाला बोलतील? मीच विसरलो असेन." तिच्या शब्दापुढे पांढरा कागद सोलून पाहायचे कुणालाच सुचले नाही.

गायिकेला आता शस्त्रक्रियेपर्यंत बोलायचीही मनाई होती. तिने पाटीवर लिहून कानसेनला काही दाखवले आणि त्याने मान खाली घातली. काय लिहिले होते, ते मावशीला कळले नाही. विचारायला तोंड नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर गायिकेचा आवाज भरड झाला आणि ते वरचे सूर परत आले नाहीत. अल्बम नऊ गाण्यांचा निघाला. तो चांगला खपला. तिसरे गाणे न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्याच्या बाकापर्यंत सगळीकडे वाजू लागले. एका वर्तमानपत्रात परीक्षण आले, ते गिटारवाल्याने स्टुडिओत मोठ्याने वाचले. "ध्वनिमुद्रण निर्दोष आहे. मात्र पाचव्या गाण्यानंतर, जिना चढताना एखादी पायरीच नसावी, तसा ऐकणाऱ्याचा पाय हवेत पडतो." मावशी कपबश्या उचलून मोरीत गेली आणि धुतलेल्या बश्या पुन्हा धुवू लागली.

गायिकेने तिला अल्बमची एक प्रत आणून दिली. वेष्टनाच्या मागे बोट ठेवून ती नव्या, जाड आवाजात म्हणाली, "आभाराच्या यादीत बघा, शेवटी कोण आहे." मावशीने बघितल्यासारखे केले आणि "छान छापलंय" म्हणाली.

महिन्याभराने कानसेनने काम सोडले. "आपण काय लिहिलं ते ज्याला आठवत नाही, त्याने दुसऱ्याचे सूर सांभाळू नयेत," एवढेच तो म्हणाला. मावशीने त्याची पिशवी जिन्याखालपर्यंत नेऊन दिली. पहिल्या पायरीवर तिचे तोंड उघडले होते. पण तो म्हणाला, "तुमचा चहा आठवेल," आणि ते मिटले.

काही वर्षांनी स्टुडिओ बंद झाला. रिकामे डबे ज्याला हवे त्याने नेले. मावशीने एकच नेला, तो सातवा. त्याचा एक कोपरा दबलेला होता, म्हणून तिला तो शंभरात ओळखता येई. त्यात तिने सुया, दोरे आणि बटणे ठेवली. कधी काम करताना ते जिन्यातले गाणे तिच्या ओठांवर येई, आणि चोरीचा दागिना घालून आरशात पाहिल्यासारखे होऊन ती गप्प बसे. ती मनाची समजूत घाली, की तीन ओळींत काय, वाजवणाऱ्यांची नावे असतील. कोण जाणे, खरेच काही महत्त्वाचे नसेल. कागद काढून पाहायचा धीर नव्हता, आणि पाहून कळणारही नव्हते.

नवरा गेल्यावर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती प्रौढांच्या वर्गात जाऊ लागली. दुपारी तीन ते पाच, मुलांच्या ठेंगण्या बाकांवर.

सून म्हणाली, "आई, आता या वयात वाचून काय करणार? कलेक्टर होणार?"

"होईन. आणि पहिली नोटीस तुलाच काढीन," सासू म्हणाली.

एवढे हसून झाल्यावर ती पाठ गिरवू लागली. तिला कशासाठी वाचायचे आहे, ते तिने शिकवणाऱ्या बाईंनाही सांगितले नाही. दीड वर्ष लागले. जोडाक्षरे जमू लागली, तेव्हा एका दुपारी तिने डब्यातली बटणे वाटीत काढली, किटलीत पाणी उकळले आणि पांढरा कागद वाफेवर धरला. खळ सुटली. तिने अक्षरावर बोट ठेवले.

मावशी, हा डबा पुसू नका.
जिन्यावरचे गाणे आहे.
वरची फळी ओली आहे म्हणून इथे ठेवला.

पहिला शब्दच तिला हाक मारत होता. त्याने आठवणीने लिहिले होते, आणि तिलाच लिहिले होते. त्या दिवशी तिने भाजी जाळली आणि सुनेला सांगितले, "वाफ डोळ्यात गेली."

कानसेनचे आता बाजारात छोटे दुकान होते. कमी ऐकू येणाऱ्यांची कानाची यंत्रे तो दुरुस्त करी. मावशी डबा घेऊन गेली, तेव्हा तो एका म्हाताऱ्याची पावती लिहीत होता. पावती लिहिल्यावर त्याने ती मोठ्याने वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. मग म्हाताऱ्याला म्हणाला, "आजोबा, मी इथे तारीख लिहिली आहे, दिसते ना? नक्की?"

"अरे, बहिरा मी आहे, आंधळा नाही!" म्हातारा म्हणाला आणि निघून गेला.

कानसेनने तिला लगेच ओळखले. "मावशी! या, बसा."

ती बसली नाही. डबा समोर धरून, बोटाने एकेक शब्द दाबत, तिने तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिसऱ्या ओळीत ती अडखळली. त्याने मदत केली नाही.

"मला वाचता येत नव्हतं, साहेब. आणि मी म्हणाले, डबा कोरा होता."

त्याने त्या ओळींवरून, स्वतःच्याच अक्षरावरून, अंगठा फिरवला.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "बारा वर्षं मी दाराला कुलूप लावून परत येऊन बघतो, मावशी. बायको वैतागली माझी. वाचता येत नव्हतं, ते मला सांगितलं असतंत, तर मी डब्यावर लाल फीत लावली असती. एवढंच काम होतं."

"हो."

"आणि नंतर? जिन्याखाली पिशवी दिलीत तेव्हा?"

तिने डबा काउंटरवर ठेवला. उत्तर दिले असते तर ते दुसरे खोटे झाले असते.

त्याने पावतीपुस्तकातला एक कोरा कागद फाडून तिच्यापुढे सरकवला. "मला सांगितलंत. गायिकेला अजून वाटतं, मी विसरलो. पाटीवर तिने मला तेच विचारलं होतं, 'माझंच गाणं कसं विसरलास?' लिहा."

मावशीने काउंटरवर वाकून लिहिले. पेन घट्ट धरल्यामुळे कागदाला मागून उंचवटे आले. "डब्यावर लिहिले होते. मला वाचता येत नव्हते. मी खोटे बोलले." खाली तिने सही केली. अंगठा नव्हे, सही.

त्याने कागद हातात घेतला आणि सवयीने मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचायला तोंड उघडले, ते तसेच मिटले. कागदाची घडी घालून त्याने ती डब्यात ठेवली आणि डबा तिच्याकडे परत केला.

"रविवारी या. ती मुलांना गाणं शिकवते, मी घेऊन जाईन तुम्हाला. पण मी बाहेर थांबेन."

"मी वाचून दाखवीन," मावशी म्हणाली.

"हो. तुम्हीच दाखवा," तो म्हणाला. बसा असे तो पुन्हा म्हणाला नाही, आणि तीही त्यासाठी थांबली नाही.