चौथा रोल

चि. सई आणि चि. निखिल,

तुमचे दत्ताआजोबा गेले त्याला आज सहा आठवडे झाले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हे आईकडून मोठ्याने वाचून घ्या. तिलाही यातलं काही माहीत नाही. साधं पत्र पाठवता आलं असतं. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती चेन्नईतल्या कितीतरी मराठी घरांनी वर्षानुवर्षं हसत हसत ऐकली आहे. खुलासाही सगळ्यांसमोरच व्हायला हवा, म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे.

त्या दिवशी सकाळी मी कॉफीचं दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात कमलाचा फोन आला. ती माझी जाऊ, तंजावरकडची, मला अक्का म्हणते. "अक्का, हे उठेनात," एवढंच म्हणाली. मी मैलापूरहून ऑटो करून तिरुवल्लिकेणीला पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी घरच्यांच्या ग्रुपवर निरोप येऊ लागले. निखिल, तू लिहिलंस, "रोल आजोबा, तिकडे तरी रोल सांभाळा." खाली सगळ्यांची हसरी तोंडं, रडकी तोंडं. तू प्रेमानेच लिहिलंस, मला माहीत आहे. लहानपणापासून तुम्ही त्यांना रोल आजोबाच म्हणत आलात, आणि तेही ओ देत आले. मी तो निरोप वाचला, फोन पालथा ठेवला... तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

भावजी, म्हणजे तुमचे दत्ताआजोबा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सासरे रेल्वेत, तुमचे आजोबा बँकेत. भावजींनी मात्र कसलीच परीक्षा दिली नाही. मैलापूरच्या एका स्टुडिओत काम शिकले, मग स्वतःचा कॅमेरा घेतला. आपल्या लोकांची लग्नं, तमिळ लग्नं, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. मी याद्यांवर जगणारी बाई, त्यामुळे त्यांच्या कामातली शिस्त मला फार आवडायची. ऐन मुहूर्ताला रोल संपू नये म्हणून गळ्यात दोन कॅमेरे. संपलेला रोल बॅगेत कधी टाकायचे नाहीत. त्यावर चिकटपट्टीने आकडा लावून शर्टाच्या खिशात, आणि खिशाला बटण. कॅमेरा उघडताना आत घाम पडू नये म्हणून खांद्यावर पंचा. आणि त्यांचा तो डावा हात. उजवा कॅमेऱ्यावर, डावा पंजा हवेत. "मामा, थोडं मागे... अजून थोडं... बास." त्या पंजापुढे भलेभले निमूट मागे सरत. फोटोग्राफरने मागे व्हा म्हटलं तर कुणाला अपमान वाटत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

मृणालच्या, म्हणजे तुमच्या आईच्या लग्नात फोटोग्राफर दुसरं कोण असणार? मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. फोटोंची यादी टाइप करून भावजींच्या हातात ठेवली. अठ्ठावीस फोटो. अकरावा होता, मंगळसूत्र बांधताना नवरीशेजारी आजी. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, भावजींची आई, तुमची पणजी. मी नोकरीवर जायची. मृणालच्या वेण्या त्यांनी घातल्या, पाढे त्यांनी म्हणून घेतले. सासरे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मोतिया रंगाची साडी नेसून सासूबाई सकाळपासून बोहल्याजवळ उभ्या होत्या, मुठीत अक्षता घेऊन.

मुहूर्ताला दहा मिनिटं असताना वरपक्षाकडच्या एक आत्या माझ्या कानाशी आल्या. आवाज अगदी गोड. आमच्याकडे मुहूर्ताला समोर सवाष्णीच असतात, तुम्ही बघालच म्हणा, असं म्हणून निघूनही गेल्या. वर्गात मुलींना विधवांच्या दुःखावर इंग्रजीत निबंध लिहायला लावणारी मी. नाही म्हणायला दोन शब्द पुरले असते. मी भावजींकडून यादी मागून घेतली आणि अकराव्या ओळीवर पेनने रेघ मारून ती परत दिली.

"भावजी, आईंना जरा मागे घ्या."

"तुम्ही सांगा ना त्यांना, वहिनी."

"मला नाही जमणार. फोटोसाठी म्हणून तुम्हीच सांगा."

तेवढ्यात भटजींनी घाई केली, नादस्वरम जोरात सुरू झालं. भावजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि डावा हात वर केला. "आई, थोडं मागे... अजून थोडं." सासूबाई हसतच मागे सरल्या. मुलगा फोटो काढतोय, त्याला जागा हवी असेल. अजून थोडं, अजून थोडं करत त्या पाहुण्यांच्या रांगेपलीकडे, खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. मान खाली घातलेल्या मृणालला काही कळलं नाही. सासूबाईंनी तिथून टाकलेल्या अक्षता बोहल्यापर्यंत पोचल्या नाहीत.

पंगती उठल्यावर भावजी त्यांना नातीशेजारी बसवायला न्यायला गेले. "आता कशाला रे दत्तू," असं म्हणून त्या पानसुपारीची तबकं पुसत बसल्या. त्या दिवसाचा त्यांचा एकही फोटो नाही.

महिन्याने अल्बम आला. मृणाल माहेरी आली होती. तिने सगळी पानं दोनदा उलटली आणि विचारलं, "आई, आजी कुठेय?" मी कपबशा उचलू लागले. शेजारी सासूबाई डाळ निवडत राहिल्या. तेव्हा खुर्चीतून भावजी म्हणाले, "चौथा रोल बिघडला गं. आईचे फोटो त्यातच होते. काढताना उजेड लागला, माझीच चूक."

लग्नाच्या फोटोग्राफरने असं कबूल करणं म्हणजे सर्जनने पोटात कात्री राहिली म्हणून सांगण्यासारखं. "सगळ्या जगाचे नीट काढता काका, आणि नेमके माझे...?" म्हणून मृणाल रडली आणि दिवाळीपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. बातमी पसरली. घरच्या लग्नात रोल घालवतो तर परक्यांचं काय, असं लोक म्हणू लागले. ठरलेली दोन लग्नं दुसऱ्याकडे गेली. पुढे त्याचा विनोद झाला. कुठल्याही कार्यात कुणीतरी विचारायचंच, "दत्तोपंत, रोल घातलाय ना आत?" रोलचे कॅमेरे गेले तरी हा प्रश्न राहिला. सगळ्यांत आधी भावजी हसायचे. मीही हसले आहे, वाढता वाढता. सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, त्याबद्दल एक शब्द न बोलता. तुमच्या आजोबांनाही मी कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या लग्नानंतर भावजींनी डावा हात पुन्हा उचलला नाही. जागा हवी असली की स्वतः सरकायचे, खुर्चीवर चढायचे, जमिनीवर बसायचे, भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे जायचे. मग त्यांच्या फोटोंत गजरेवाली यायची, स्वयंपाकी यायचा, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या यायच्या. यजमान कुरकुरत. पुढे समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये ड्रोन उडवणारी नवी मंडळी आली, आणि भावजी पासपोर्टचे फोटो काढू लागले.

ते जाण्याआधी पंधरा दिवस मी बोलायचं ठरवूनच त्यांच्याकडे गेले. कमला आत कॉफी करत होती. त्या रोलचं खरं काय ते मृणालला सांगणार आहे, असं मी म्हटलं.

"सांगितलं तुम्ही असेल, वहिनी. हात माझा होता." आणि मग, "आईने एकदा तरी विचारायला हवं होतं मला..."

कॉफी आली. विषय तिथेच राहिला. घरी आल्यावर मी फोन उचलला, ठेवला. मृणालला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला त्यांच्याशी बोलायला दोन आठवडे मिळाले असते.

तेराव्यानंतर कमलाने त्यांची कॅमेऱ्याची बॅग माझ्यापुढे ठेवली. तुम्हालाच द्यायची म्हणून सांगून ठेवलं होतं, म्हणाली. पुढच्या कप्प्यात माझी यादी होती, चार घड्या घातलेली. अकराव्या ओळीवर माझी निळी रेघ. इतक्या वर्षांत कधीही, कुणालाही, त्यांनी तो कागद नुसता उघडून दाखवला असता तरी पुरे होतं. यादीखाली पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या, प्रत्येक पाकिटावर आकडा. मी चौथं पाकीट काढून पट्ट्या खिडकीशी धरल्या. पंगती, विहिणी, आईसक्रीम खाणारी मुलं. त्यातले नऊ फोटो त्याच अल्बममध्ये लावलेले आहेत. कुणीच कधी पडताळून पाहिलं नाही.

मृणाल, तू हे मोठ्याने वाचत असशील. यादी आणि निगेटिव्ह मी तुझ्याकडे पाठवते आहे. सहा रोल आहेत. चौथाही आहे. एकही बिघडलेला नाही.