सासूबाईंचा तांदूळ मेकाँगच्या काठी

समस्त नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या सहकाऱ्यांना आणि अनगोळच्या नाक्यावर संध्याकाळी उभं राहून जगाचा कारभार पाहणाऱ्या मान्यवरांना अत्यंत गंभीर अंतःकरणानं कळवण्यात येतं की, आम्ही दोघं नवराबायको बँकॉकला गेलो होतो, ते तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही.

हे असं दवंडी पिटून सांगायची पाळी यावी, याचाच मला पहिला संताप. मी फाउंड्रीत काम करतो. लोखंड वितळवून साच्यात ओततात आणि तयार झालेल्या मालात कुठं खोट राहिलीय ते मी शोधतो. पण रजा मागताना नुसतं 'बँकॉक' म्हटलं आणि आख्ख्या खात्याला माझ्यातच खोट सापडली.

"वैनींना घिऊन चाललायस?" एकानं विचारलं.

"व्हय."

"मग कशाला चाललायस रं?"

आणि वर दात काढून हसणं! यांच्या डोक्यात बँकॉक म्हणजे एकच गोष्ट. त्या देशात नद्या आहेत, बेटं आहेत, विहार आहेत, साधी माणसं सकाळी उठून भाजी आणायला जातात, हे यांच्या गावीच नाही.

आमच्या प्रवासाचं खरं कारण निपाणीत राहतं. ते म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं सगळं तरुणपण तंबाखूच्या वखारीत गेलं. वखारीतली धूळ छातीत बसली ती बसलीच. आता चार पायऱ्या चढल्या की त्या भिंतीला हात लावून उभ्या राहतात. पण मोबाईल मात्र सराईतपणे चालवतात. एके दिवशी त्यांना लाओस देशातल्या लुआंग प्राबांग गावाचा व्हिडिओ दिसला. पहाटेचा रस्ता, भगव्या चीवरातल्या भंतेंची, म्हणजे भिक्खूंची, लांबलचक रांग, कडेला बसलेली गावातली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातातला घासभर भात भंतेंच्या पात्रात पडतोय. सासूबाईंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की शेवटी मोबाईलच तापला.

"पाव्हणं, ह्ये बघा," त्या मला म्हणाल्या. "गावच्या गाव आपलं हाय की हो! आमच्या टायमाला विहाराच्या चार भिंती उभ्या करायला जागा मिळंना झालती. आन् हितं सगळा रस्ताच बसलाय!"

मग त्यांनी लेकीच्या हातात तांदळाची एक लहान पिशवी ठेवली. खानापूरकडचा वासाचा तांदूळ, आपल्या पेन्शनीतून आणलेला, स्वतः निवडलेला. "मला काय आता जायाला हुईत न्हाय. ह्यो शिजीव आन् त्या रस्त्यावर बसून माझ्या नावानं घाल. तिथला इकत घिऊन घालू नगंस. ते तुझं दान हुईल, माझं न्हवं."

एवढंच काम होतं. बाकीचा सगळा प्रवास मी त्या पिशवीच्या आजूबाजूला बसवला. बजेट मधलं. म्हणजे खोलीत एसी असावा, पण पोहायचा तलाव दिसला तर आपण चुकीच्या ठिकाणी आलोय हे समजून बाहेर पडावं, असं. बँकॉकला उतरून आधी एक बेट, मग उत्तरेला मेकाँग नदीकाठचं एक गाव, तिथून नावेनं लुआंग प्राबांग. तिथं मुक्काम एकाच रात्रीचा, म्हणजे पहाटही एकच. दुसऱ्या दिवशी दुपारचं परतीचं विमान.

माझी बायको हायस्कुलात गणित शिकवते. त्यामुळे आमच्या घरात चर्चा होत नाही, उत्तर असतं. यावेळचं उत्तर होतं पांढरे कपडे. आपण बौद्ध माणसं वंदनेला, पौर्णिमेला पांढरं घालतो. ते ठीक. पण ही म्हणाली, "बुद्धाच्या देशात चाललोय. सगळं पांढरंच न्यायचं."

"अगं, सगळे दिवस?"

"मग काय निम्म्या दिवशी बौद्ध आन् निम्म्या दिवशी रंगीत?"

शिंप्याकडे पांढऱ्या कापडाचा गठ्ठा टाकला तेव्हा त्यानं हळू आवाजात मला विचारलं, "कोण वारलं?"

बेटावर जे झालं ते सांगतानासुद्धा माझं रक्त उसळतं. निळा समुद्र, वाळू, आणि त्यावर पसरलेली शेकडो माणसं, अंगावर रुमालभर कापड. मधोमध आम्ही दोघं, गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरे. तासाभरात एक गोरी बाई लंगडत माझ्यासमोर आली, वाळूत बसली आणि तिनं सुजलेला पाय माझ्या मांडीवर ठेवला. तिला मी डॉक्टर वाटलो! आता मी काय करावं? माझा धंदा तपासण्याचाच. मी पाय इकडून तिकडून बघितला, बोटानं दोन ठिकाणी वाजवला आणि कुठं तडा नाही असं मान हलवून सांगितलं. ती आभार मानून गेली. बायकोनं उरलेला दिवस आपली चटई माझ्यापासून दहा हात लांब टाकली.

तिथून आम्ही चिआंग खोंगला गेलो. मेकाँगच्या अलीकडच्या काठावर थायलंडचं हे गाव, पलीकडे लाओस. आमच्या लॉजची मालकीण साठीच्या घरातली, कमरेला चाव्यांचा जुडगा, आवाज आपल्या शनिवार खुटावरच्या भाजीवालीसारखा. तिनं पासपोर्ट बघितले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "इंडिया! हिंदू! इथं हिंदू नाही, इथं बुद्ध. तुम्हाला बुद्ध माहीत आहे?"

तुम्हाला बुद्ध माहीत आहे? हे कुणाला विचारलं, तर ज्या बाईनं बुद्धासाठी शिंप्याची दोन महिन्यांची झोप उडवली तिला! माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं बॅग खाली ठेवली, हात जोडले आणि तिथंच उभ्या उभ्या 'नमो तस्स'पासून त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. मालकिणीचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्या ओळीला तिनं हात जोडले, तिसऱ्या ओळीला ती हिच्याबरोबर म्हणू लागली. चाल तिची, शब्द आपलेच. म्हणून झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला एकट्यालाच बॅगा वर न्याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मालकीण सकाळीच आम्हाला विहारात घेऊन गेली. बघतो तर निम्मं गाव पांढऱ्या कपड्यांत. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की गणिताचा ताळाच जुळला. भंते पुढं बसले आणि शील, म्हणजे पाळायचे नियम, देऊ लागले. आता आपल्याकडची रीत काय? भंते म्हणतील ते मागून म्हणायचं, आणि खणखणीत म्हणायचं. निपाणीच्या विहारात माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. पंचशील मला झोपेतही येतं. पाचवं झालं. भंते थांबले नाहीत, म्हणून मीही थांबलो नाही. सहावं आलं, सातवं आलं, आठवं आलं. मला वाटलं, पौर्णिमा आहे, जास्तीचं देत असतील. मी आणखी जोर लावला. मागच्या बायका वळून कौतुकानं बघत होत्या.

संध्याकाळी मला उलगडा झाला.

लॉजच्या खाली, नदीकडेलाच मालकिणीची खाणावळ. मीठ चोळलेला अख्खा मासा कोळशावर ठेवलेला, कातडी तडतडतेय, वास थेट वरच्या खोलीत. मी जाऊन बसलो आणि बोटानं मासा दाखवला. मालकिणीनं प्रेमानं मान हलवली. नाही. मला वाटलं, तो मासा दुसऱ्या कुणाचा असेल. मी त्याच्या शेजारचा दाखवला. नाही. मग भात दाखवला. नाही! तिनं माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोट केलं, मग मावळत्या सूर्याकडे, आणि आठ बोटं वर केली.

आठ शीलं. पाच रोजची, आणि वरची तीन उपोसथ, म्हणजे पौर्णिमेचं व्रत, पाळणाऱ्यांची. त्यातलं पहिलंच, दुपारनंतर जेवायचं नाही.

मी इंग्रजीत सांगितलं, चूक झाली. हिंदीत सांगितलं, दीदी, भूक लगी है. बेळगावच्या माणसाचं, एका भाषेत काम झालं नाही की दुसरी लावून बघायची, हे हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे मी हात जोडून कन्नडातही म्हणालो, "अम्मा, ऊट कोड्री!" जेवायला द्या, माये! तिनं गवती चहाचं गार सरबत आणून ठेवलं आणि मला नमस्कार केला. भुकेल्या माणसाला नमस्कार! मी तणतणत पुढच्या खाणावळीत गेलो. तिथला मालक सकाळी माझ्या मागच्याच ओळीत बसला होता. त्यानंही नमस्कार केला.

परत आलो तर बायको पायरीवर बसून हसत होती.

"तुला ठाऊक होतं!"

"सहाव्यालाच कळलं. मी कोपर मारलं की तुम्हाला. तुम्ही आणखी वरचा सूर लावलासा."

"मी नुसतं भंतेंच्या मागनं म्हटलं!"

"सगळ्यात मोठ्यानं म्हटलंसा. आता पाळा की गप."

खोलीत गेलो तर मालकिणीनं पलंगावरच्या गाद्या काढून जमिनीवर घातलेल्या, कारण उंच बिछानाही चालत नाही. त्या रात्री ब्रह्मचर्यही पाळायचं, म्हणून एक गादी या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, आणि मध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड. त्यावर माझेच पांढरे पायजमे. बँकॉक म्हटल्यावर डोळे मिचकावणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मला ती खोली दाखवायची आहे.

सकाळी मालकिणीनं तोच मासा, भात, अंडी, चार फळं असं पुढ्यात मांडलं आणि मी खाताना ती समोर बसून राहिली. मी रागावलेलो होतो, पण दोनदा भात घेतला.

नदी ओलांडून आम्ही लाकडी नावेत बसलो. ती दोन दिवस संथ चालते. दोन्ही बाजूंना डोंगर, मातकट पाणी, मधूनच खडकांची बेटं. कणकुंबीच्या जंगलात जसा ओला हिरवा वास येतो तसा वास. बायकोनं सामान खाली ठेवलं, पण तांदळाची पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही दिवस तिच्यावरचा हात काढला नाही. चढउतार करताना तिची बॅग मीच घेतली. कधीकधी मलाही कळतं.

लुआंग प्राबांगला पोचलो त्या रात्री तिनं लॉजवाल्याला विनवून चूल मागून घेतली. तिथली माणसं चिकट भात घालतात, बोटांनी चिमूट उचलली की गोळा होतो. आमचा तांदूळ मोकळा. मग तिनं तो पहाटे अंधारातच उठून गुरगुट्या शिजवला, घोटला आणि लहान मुलाला भरवायला करतात तसे मुटके केले. मला दम भरला, "तिथं एक शब्द बोलायचा न्हाय. शांततेत असतंय सगळं. तुमचं तोंड आवरा."

शांततेत! रस्त्यावर गेलो तर गाड्यांमागून गाड्या येऊन प्रवासी ओतत होत्या. त्यांनी भंतेंच्या वाटेत उभं राहून मोबाईल रोखलेले, कुणी फ्लॅशचा उजेड पाडतोय, कुणी रांगेत मध्येच घुसून स्वतःचा फोटो काढतोय. अरे, कुणी जेवायला चाललंय का, कुणी पूजेला बसलंय का, हे बघायचं नाही? कुणाच्याही घरात शिरून देव्हाऱ्यासमोर असा फोटो काढाल का? माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण बायकोचा दम आठवला. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आमचे पांढरे कपडे बघितले आणि सरकून तिला आपल्यात चटईवर जागा दिली. तिनं ओढणी त्यांच्यासारखी एका खांद्यावरून घेतली. मी मागं उभा.

भंते आले. अनवाणी, खाली नजर, एकामागून एक. ते थांबत नाहीत. जो हात पुढं येईल त्याचा घास घेतात आणि चालत राहतात. रांग बायकोजवळ आली आणि नेमकी तेव्हाच एक बाई मोबाईल घेऊन तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिच्या पाठीमागून भंते निघून जाऊ लागले. एक गेले. दुसरे गेले. बायकोचा हात पुढं जायचा आणि त्या बाईच्या खांद्याला अडायचा. आणि ती बाई, अजून नीट उजाडलं नव्हतं म्हणून हिला तिथलीच समजून, आपल्या नवऱ्याला चक्क मराठीत, तेही अगदी छापील मराठीत म्हणाली, "अहो, हिचा घ्या ना फोटो. किती शांत चेहरा आहे बघा. इथल्या बायकांना मुळी रागच येत नाही!"

एव्हाना सगळी रांग पुढं सरकून शेवटचे भंते तेवढे उरले होते.

सासूबाईंचा भात त्यांच्या पात्रात पडला, हे इथंच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण तो पडायच्या आधी त्या पवित्र शांततेत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, गेली कित्येक वर्षं वर्गात मुलांना प्रमाण भाषेत बोला म्हणून सांगणारी माझी बायको ओरडली, "ए बये, सरक की तिकडं! माझ्या आईचा भात हाय ह्यो!"