टोकाच्या घराचा नळ

आमच्या गावात पाणीपट्टीचा विषय निघाला की मासळीबाजारही त्यापुढे शांत वाटावा. ग्रामपंचायत म्हणायची, आधी पट्टी भरा, मग पाइप दुरुस्त करू. गाव म्हणायचं, आधी पाइप दुरुस्त करा, मग पट्टीचं बघू. दोन्ही बाजू इतक्या ठाम की मधल्या मध्ये पाइप मजेत गळत होता.

तो गळायचा बोर्डी रस्त्याच्या वळणावर. डहाणूच्या बाजारातून परतणाऱ्या बायका तिथे टोपल्या धुवायच्या, रिक्षावाले रिक्षा धुवायचे आणि शेजारच्या चिकूच्या वाडीला बारा महिने फुकट पाणी मिळायचं. वाडीचे मालक पट्टीविरुद्ध सगळ्यांत मोठ्याने बोलायचे. पाण्याचे पैसे घेणं पाप आहे, असं ते डोळे मिटून सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

आमचं घर समुद्राकडच्या टोकाला, पाइपावरचं शेवटचं. नळ बसला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं होतं. त्यानंतर त्यातून कधी हवा आली, कधी मुंगळे आले, पाणी मात्र आलं नाही. सत्तरीची, गुडघे गेलेली माझी आई बोंबील वाळत घालून झाले की हंडा घेऊन वळणापर्यंत जायची. घरच्या नळाखाली एकदा हंडा भरावा, एवढीच तिची हौस. मला त्या नळाचा संताप यायचा.

मग वरून ठरलं की ज्याच्या घरी पाणी येतं त्याच्याकडूनच पट्टी घ्यायची. पाहणीला तालुक्याहून साहेब येणार होते. गावाने लगेच एकी केली. अशी एकी मी वादळातही पाहिली नव्हती. प्रत्येकाने घराबाहेरची पाइपाची चावी बंद करून तिच्यावर गोणपाट टाकायचं आणि साहेबांना आतला कोरडा नळ फिरवून दाखवायचा. रस्त्यावरची गळती सगळं बिंग फोडणार होती, म्हणून आदल्या संध्याकाळी होडीवाले जमले. सायकलची ट्यूब, त्यावर जाळ्याचा दोर, त्यावर होडी बांधायची गाठ. ज्या कामाला वर्षानुवर्षं निधी नव्हता ते एका चहावर झालं.

आमच्याकडे लपवायला काहीच नव्हतं, म्हणून आम्ही चावीला हातही लावला नाही. सकाळी टाकीचं पाणी सुटलं. गावभर सगळं बंद, मग पाण्याने तरी जायचं कुठे? साहेब आमच्या दारात पोहोचले, तेवढ्यात नळ खोकला आणि धो धो वाहू लागला. मागून सरपंच मला नळ बंद करायच्या खुणा करत होते. मी हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला आणि नळाखाली हंडा सरकवला.

"भरू दे," ती म्हणाली.

गावात एकाच घरी पाणी येतं, असं लिहून साहेब गेले. दुपारी गाठ सुटली. बायकांना टोपल्या धुवायच्या होत्या, चिकूही तहानले होते. आमचा नळ पुन्हा कोरडा पडला. पट्टी तेवढी आली आणि आईने ती बोंबील विकून भरली.

पुढच्या ग्रामसभेत गावातली पहिली पट्टी भरणारी म्हणून तिचा सत्कार झाला. चिकूवाडीच्या मालकांनीच शाल घातली आणि हातात नारळ दिला. आईने तो कानाशी धरून हलवला.

"यात तरी पानी हाय ना?" तिने त्यांना विचारलं.

सभा पोट धरून हसली. आई उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.