थंड वडीचा घाम

वसईतल्या नंदाखाल गावच्या क्लेमेंटीनला घाण सहन होत नसे. शेजारणी म्हणत, हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते. नवरा आलोशियस बागेतून आला की त्याला अंगणातच पाय धुवावे लागत. बिचारा मुकाट धुवायचा. बायकोशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

घरातल्या एकाच खोलीला तिने वर्षभर झाडू लावला नव्हता, मुलाच्या. कॅल्विन गेल्या जुलैत डेंग्यूने गेला, ऐन तिशीत. कॉम्प्युटरवर चित्रं हलती करणं हा त्याचा धंदा. सवडीने त्याने आपली केळीची बाग जशीच्या तशी स्क्रीनवर उभी केली होती. माउस सरकवला की आपण बागेतून चालू लागायचो आणि कॅल्विनचा आवाज सोबत करायचा: "ये गो आय, हळू ये. इथं निसरडं हाय." रोज दुपारी भांडी आवरली की क्लेमेंटीन लेकाबरोबर बागेत जाई. खरी बाग दाराबाहेर होती, पण तिच्यात तो नव्हता. फोनवरचं त्याचं बोलणं जपून ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

एवढी झाडं दाखवताना मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड तापून बंद पडायचं. म्हणून कॅल्विनने त्यावर एक पातळ वडी बसवली होती. "आय, वीज सोडली की हिच्या एका अंगाला फ्रीज, दुसऱ्या अंगाला चूल," असं तो हसत सांगायचा. गार अंग कार्डाला चिकटलेलं, गरम अंगावर पंखा. वडीभोवती त्याने काळी पुट्टी गच्च लिंपली होती. ती कशाला, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्याच्या वर्षाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, जवळ आली. मिस्सेनंतर माणसं घरी येणार, लेकाची खोली बघणार, आणि तिथे जळमटं? क्लेमेंटीनचा जीव वरखाली झाला. तिने मशीनचं झाकण उघडलं, घरच्या आल्तारावरच्या मूर्ती पुसायची तशी मऊ फडक्याने धूळ टिपली. मग ती काळी, चिकट पुट्टी दिसली. माझ्या लेकाच्या वस्तूवर असला मळ! जुन्या टूथब्रशने, काडीने, शेवटी नखाने तिने ती पार खरवडून काढली. तिला फार बरं वाटलं. किती दिवसांनी लेकासाठी काहीतरी करायला मिळालं होतं.

त्या दुपारी ती बागेत गेली. पार बावखलाच्या, बागेतल्या तळ्याच्या, काठापर्यंत पोचली. "ये गो आय, ह..." एवढंच ऐकू आलं आणि स्क्रीन काळी पडली.

विरारहून मुलगी जीना धावत आली. झाकण काढलं तर वडीला घाम सुटलेला, आणि पाणी ओघळून खालच्या पट्टीवर उतरलेलं. सगळी बाग त्याच पट्टीत साठवलेली होती.

"आय, इथली काळी पुट्टी कुठंय?"

"ती घाण? मी काढली."

जीनाने ती पट्टी पुसून अलगद काढून घेतली. दमट हवेतलं पाणी गार वडीवर धरू नये म्हणूनच ती लिंपलेली होती, हे तिला ठाऊक होतं. पट्टी घेऊन ती विरारच्या दोन दुकानांत फिरली. दोघांनीही नाही म्हणून मान हलवली. दुसरी प्रत नव्हती. बाग पुरी झाली की काढू, असं कॅल्विन म्हणत राहिला होता.

"मशीनच जुनी झालती, आय," ती परत येऊन म्हणाली.

पण गार बाटलीवर जुलैत पाणी धरतं, हे कुठल्या बाईला शिकवावं लागतं?

"खोटं नको बोलू, पोरी. मीच पुसलं त्याला."

मिस्सेत फादरांनी कॅल्विनचं नाव घेतलं. क्लेमेंटीनने डोळे मिटून मनात म्हणून पाहिलं: ये गो आय. शब्द आले, पण आवाज तिचा स्वतःचा होता. पुन्हा म्हटलं, तरी तिचाच. तिने शेजारी बसलेल्या आलोशियसचा हात घट्ट धरला.

"अहो, तुम्हाला आठवतो का त्याचा आवाज? म्हणून दाखवा ना."

आलोशियसने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.